कालपासून काय बदललं?

त्या मानसाच्या हातची मशीन ओळखाची असन तं तिचं मागचं झाकन खोलून पाहाचं. आत एका कोपऱ्यात फडक्याची इवलीशी पुरचुंडी रायते, आन तिच्यात वाळलेली संत्र्याची साल. पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत किती तरी दुकानात, शाळेत अशा मशीनी असतीन. आजही कोनी कॉम्प्युटर खोलला आन साल दिसली तं हासते. म्हनते, "हे त्या येड्याचं काम."

मी त्याले इचारलं होतं. "भाऊ, सालीनं काय होते?"

"पाल येत नाही."

"खरंच येत नाही?"

त्यानं जरा इचार केला. "आतापर्यंत कोनती पाल सांगाले आली नाही मावशी."

मी त्याच्या दुकानात झाडू-पोछा करत होती. दुकान म्हंजे बजाराच्या मागच्या गल्लीतली एक खोली. आत पाच मशीनी, एक छापाची मशीन, एक लाकडाचा बाक. लोकं फारम भराले येत, पोरं रिझल्ट पाहाले येत. माझी शाळा दुसरीपर्यंत. मराठी-हिंदीची अक्षरं जुळवून मले वाचता येते, इंग्रजी येत नाही. त्याच्याकडे लागाच्या आधी मी कापूस येचला, संत्र्याच्या बगीच्यात खोके भरले. नवरा लवकर गेला. एक लेक होती, तिले वाढवलं. लेक बाळंतपनात गेली. वेळेवर तिले पाहाले कोनी जानतं मानूस नव्हतं, एवढंच. मंग तिच्या लेकीले वाढवलं. जे समोर आलं ते केलं, त्याच्यात सांगासारखं काही नाही. सांगासारखा तो मानूस होता.

तो मानसाले अरे-तुरे करे आन मशीनीले आपन म्हने. मोठ्या मिशीचा सरपंच आला तरी, "अबे बस खाली, हात नको लावू." आन लगेच मशीनीकडे वळून, एकदम नरम आवाजात, "काय झालं? कुठं दुखून राहिलं आपल्याले?"

एकदा एक कापडवाला भडकला. "काबे, मशीनले आपन, आन मले तू?"

"तुले काही झालं तं तू बोंबलतं. ह्या बिचाऱ्या बोंबलत नाही. म्हनून इज्जतीनं इचारा लागते."

पाचही मशीनीत लिनक्स होतं, मशीन आतून चालवते ते. ते नाव माझ्याही तोंडात बसलं होतं. गिऱ्हाईक आलं की कुरकुर करे, "ये कौनसा चालू है भाई? हमारे घर तो दूसरा दिखता है." तो म्हने, "दिसते दुसरं, फारम तोच निंगते. बस."

मी इचारलं, "भाऊ, हे फुकट भेटते म्हनून ठेवता का?"

"फुकट तं हायच. पन हे लपवत नाही मावशी. इचारलं तं सांगते. आपल्याले इचारता आलं पाह्यजे."

मले ते पाहाले बरं वाटे. तो मशीनीच्या काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरात काहीबाही लिवे, मंग ते मोठं बटन दाबे, आन खालून मशीन भराभर उत्तर दे. त्याचं वाचून झालं की तो कधी "अस्सं" म्हने, कधी "झूट" म्हने. मी पोछा हातात धरून उभी राहो. काय इचारलं, काय सांगतलं, मले काही समजे नाही, पन दोघाईचं बोलनं चालू हाय एवढं दिसे.

चार मशीनीले नावं होती. जाम, कन्हान, वर्धा, पेंच. आपल्या इकडच्या नद्या. "कन्हानवर बस," "वर्धा खाली हाय का पाय," असं तो पोराईले सांगे. नाव नुसतं तोंडी नव्हतं. काळ्या पाटीवर प्रत्येक ओळीच्या सुरवातीले त्या मशीनीचं नाव आपोआप येते, असं त्यानंच दाखवलं होतं. पाचवी कोपऱ्यात होती, सगळ्यात जुनी. बाहेरून येनारं नेट आधी तिच्यात ये, आन तिच्यातून बाकीच्या चौघीले जाये. "ही विहीर, ह्या चार नळ," तो म्हने. तिच्यावर कोनाले बसू दे नाही. आन तिले नाव नव्हतं. नुसती मोठी. काऊन म्हनून इचारलं तं म्हने, "सुचत नाही. सुचल्यावर ठेवीन."

बंद करून चालू करनं त्याले चाले नाही. बाजूचा मोबाईलवाला नेहमी शिकवे, "अबे, रिस्टार्ट मार ना!" तं तो म्हने, "रडनाऱ्या लेकराले झोपवलं म्हंजे पोटदुखी गेली का बे?"

त्याचा एकच सवाल राहे. कोनी मशीन घेऊन आलं की पयले इचारे, "काल चालत होतं?"

"हाओ."

"मंग कालपासून काय बदललं?"

लोकं म्हनत, काहीच नाही बदललं. तो म्हने, "घरी जा. आठव. मंग ये." खरंच वापस पाठवे. आन संध्याकाळी तो मानूस येऊन सांगे, हाओ भाऊ, पोरानं काही तरी टाकलं होतं.

हा सवाल तो मशीनीलेच नाही, साऱ्या दुनियेले इचारे. कोनाची कंबर दुखली, कालपासून काय बदललं? माझ्या च्याची चव बदलली, कालपासून काय बदललं? गल्लीत एका बाईची म्हैस पान्हा सोडे नाही. बाई जनावराच्या डाक्टरकडून येऊन थकली होती, सहज दुकानापाशी उभी राहिली. यानं इचारलं. ती म्हने, "काही नाही बदललं. सून माहेरी गेली, एवढंच." हा म्हने, "दूध कोन काढे?" म्हने, "सून." हा म्हने, "मंग तिची साडी नेसून बस." सारी गल्ली हासली. पन सासूनं सुनीची साडी नेसली. पयल्या दिवशी लाथ भेटली, दुसऱ्या दिवशी दूध भेटलं.

आता त्या दिवसाचं सांगाचं.

मशीनीत दरसाली नवं सामान भरा लागे, त्याले तो अपग्रेड म्हने. आन ते वर्षातून एकाच दिवशी करे, गोटमारीच्या दिवशी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावात नदीच्या इकडचे आन तिकडचे एकमेकावर गोटे मारते. सारं गाव नदीवर रायते, दुकानं बंद, बाहेरगावची भीड. "त्या दिवशी एक गिऱ्हाईक येत नाही मावशी. आरामात होते." अर्धं शटर पाडून, बनेनवर बसून, पोळ्याच्या करंज्या खात तो हे काम करे. दुसऱ्या कोन्या गावच्या मानसाले हा दिवस सुचला नसता.

त्या साली माझ्या नातीले नर्सिंगले जाचं होतं. लहानपनापासून तिचं एकच. तिनं तिची माय पाह्यली नाही, पन कशी गेली ते तिले मालूम होतं. परीक्षेत नंबर चांगला आलता. आता कॉम्प्युटरवर कॉलेजाची पसंती भरून लॉक कराची होती. लॉक नाही केली तं जागा गेली. त्याच्यात पोरीले ताप भरला, चार दिवस उठली नाही. उठली तं आखरी दिवस. पाच वाजेपर्यंतचा टाइम. आन तो दिवस नेमका गोटमारीचा.

दुपारी आम्ही दोघी दुकानात गेलो. शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेलो तं हा मोठीसमोर बसून. करंज्याईचा डब्बा उघडा, पन एकही करंजी कमी झाली नव्हती.

"आज कायले आल्या मावशी?"

मी सांगतलं. त्याचं तोंड उतरलं.

"नेट नाही," तो म्हने.

"कुठचं नाही?"

"कोन्याच मशीनीवर नाही. सकाळी अपग्रेड केलं. तवापासून नाही."

"दुसऱ्या मशीनीवर पाहा ना काका," नात म्हने.

"पाचही केल्या." त्यानं मान खाली घातली. "दरसाली एक करतो, चालली तं दुसरी करतो. या साली म्हनलं, काय होते, पाचही एकदम टाकू."

नातीनं मोबाईल काढला. सकाळपासून काढून राहिली होती. नदीवर एवढी भीड, साऱ्याईच्या हातात मोबाईल, त्याच्यावरचं नेट नुसतं गोल गोल फिरे. बाकी दुकानं बंद. सौंसरची बस गावाच्या बाहेरूनच फिरे, आन तिथपर्यंत जाचा रस्ता भीडीनं भरलेला. याच्या दुकानात हवेतलं नेट नव्हतं. तसा डबाच यानं आनला नव्हता. म्हने, जी वायर दिसत नाही ती तपासू कशी?

मोबाईलवाला बाजूनं डोकावला. त्याचंही दुकान बंदच होतं, पन तो गोटमारीले भेये, म्हनून गल्लीतच होता. "काय झालं? नेट गेलं? अबे, जुनं वापस टाकून दे!"

"पाच वाजतीन त्याच्यात."

"मंग रिस्टार्ट..."

"तू निंग बे!"

तो निंगला नाही, शटरखालून फक्त पाय दिसत राहिले. नात बाकावर बसून पुटपुटून राहिली होती, "हनुमानजी, जामसावलीले पायी येईन, पायी येईन." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. अजून थोडा गरम होता. अशा टायमाले रडून काही होत नाही, हे मले मालूम होतं. मी खाली बसली आन त्याले त्याचाच सवाल इचारला.

"भाऊ, काल चालत होतं?"

त्यानं माझ्याकडे पाह्यलं.

"मंग कालपासून काय बदललं?"

"मी बदललं मावशी," तो हळू आवाजात म्हने. "बाकी काही नाही. हात माझाच लागला." मंग त्यानं चष्मा पुसला, खुर्ची पुढं वढली. "चला. भिंतीपासून सुरू करू."

तो असाच करे. मशीनीपासून नाही, भिंतीपासून. ज्या भोकातून वायर आत आली तिथं गेला, बोटानं वायर धरून आत आत येत राहिला. कुठं तुटली का, उंदरानं खाल्ली का. नाही. वायर ज्या नेटच्या डब्यात जाये, त्याच्यावरचे दिवे पाह्यले. हिरवे. "इथपर्यंत पानी आलं," तो म्हने. दुसरी वायर लावून पाह्यली. तेच. घड्याळात तीन वाजले. मले वाटे लवकर करा म्हनाव, पन तो लवकर करनारा मानूस नव्हता, आन म्हनल्यानं काही लवकर होत नव्हतं.

"आता ते पानी आत काऊन घेत नाही ते पाहू." त्यानं मोठीले लिवून इचारलं. मोठीनं एका ओळीत उत्तर देलं. तो म्हने, "झूट."

"काय म्हनली?"

"नेटचं कार्ड नाही म्हनते. ज्याच्यात वायर खोसली हाय ते. म्हनते, या नावाचं इथं कोनी नाही."

"पडलं असन का?"

त्यानं झाकन खोललं. सालीचा वास आला. वायर जिथं घुसली होती तिथं कार्ड पक्कं बसून होतं, आन त्याच्या अंगावर बारका दिवा लुकलुक करून राहिला होता.

मी म्हनली, "दिवा लावून बसलं हाय की."

"तेच तं. समोर बसून हाय, आन घरचे म्हनते कोनी नाही." तो किती तरी वेळ कार्डाकडे पाहत राहिला. करंजी हातात घेतली, डब्ब्यात ठेवून देली. मंग पुटपुटला, "मी एकाच नावानं हाका मारून राहिलो. साऱ्याईले इचारत नाही." आन मोठीले म्हने, "आपन असं करा. घरात कोन कोन हाय, हजेरी घ्या."

त्यानं लिवलं, बटन दाबलं. दोन-चार ओळी आल्या. त्यानं त्या बोट ठेवून वाचल्या. मंग खुर्चीतच मागं रेलला आन हासला. मोबाईलवाल्याचे पाय शटरखाली हल्ले. "झालं का बे?"

"मावशी," तो म्हने, "लग्नात तुमचं नाव बदललं होतं का?"

मले समजे नाही हे आता कायले. "बदललं ना. आमच्या टायमाले साऱ्याईचंच बदले. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं लिवलं."

"मंग सासरी हाक मारली तं?" त्याची बोटं चालूच होती. तो मले इचारे आन मोठीत लिवे.

"पयले पयले समजे नाही. मी जात्यापाशी बसून राहो. सासू चुलीपासून हाक मारे. मले आवाज ऐकू ये, पन कोनाले बोलावून राहिली हे समजे नाही. तिले वाटे पोरगी गुमानी हाय. दोन येळ जेवाले देलं नाही."

नात पुटपुटनं थांबवून माझ्याकडे पाहत होती. हे मी तिले कधी सांगतलं नव्हतं. सांगाचा प्रसंगच आला नव्हता.

"हिचं तेच झालं," तो म्हने. "नवं लिनक्स घरात आलं, त्यानं कार्डाचं नाव बदललं. आता तिथं कोन कुठं बसते त्याच्यावरून नाव पडते. आन मशीनीतल्या माझ्या जुन्या कागदात जुनंच नाव. मी सकाळपासून जुन्या नावानं हाका मारतो, ते नव्या नावानं बसून हाय."

"माझ्या उलटं झालं."

"हाओ. उलटं."

"पन बसाची जागा बदलली तं नाव पुन्हा बदलन?"

"बदलन."

"हे काही बरं नाही भाऊ."

"नाहीच." त्यानं लिवनं थांबवलं नाही. "पन त्याले ओळखलं कशावरून, सांगू तुमाले? कार्डाच्या अंगावर जन्माचा एक नंबर कोरला रायते. नाव कोनी काही ठेवो, तो पुसत नाही. जुन्या कागदात तो लिवला होता, हजेरीतही तोच निंगाला."

"गोंदन म्हना ना," मी म्हनली, आन बांगड्या वर सरकवल्या. लहानपनी जत्रेत मायनं माझ्या हातावर माझं नाव गोंदून आनलं होतं. आता हिरवं पसरलं हाय, कातडी सैल झाली. कोनाले अक्षरं हाय म्हनून समजतही नाही.

त्यानं चष्मा वर करून, हात न लावता, वाकून पाह्यलं. एकेक अक्षर जुळवलं. मंग पूरं नाव वाचलं. मोठ्यानं.

माय गेल्यापासून ते नाव कोनी घेतलं नव्हतं. मी ओ म्हनली नाही. पन ऐकलं.

"हं," तो म्हने, आन बटन दाबलं. डब्यावरचा एक दिवा फडफडला, मंग पक्का झाला. मोठीच्या पाटीवर ओळीमागून ओळी येऊ लागल्या. "पोरी, ऊठ. बस इथं."

"मोठीवर?" नात म्हने.

"मंग काय खुर्चीचं उद्घाटन कराचं हाय का? बस!"

चौघीचे कागद बदलाले टाइम नव्हता. मोठीवर त्या दिवशी पयल्यांदा कोनी गिऱ्हाईक बसलं. नात घाईघाईनं बटनं दाबत होती, तं यानं तिले म्हनलं, "हळू. ते कुठं पळून जात नाही." म्हनला खरा, पन सारा टाइम त्याची नजर घड्याळावर होती. साईट एकदा अडकली. त्यानं कोनाले काही हात लावू देला नाही, वाट पाह्यली. खुलली. तिनं कॉलेजं भरली, आन लॉक केलं. पाच वाजाले थोडंसं बाकी होतं. छापाच्या मशीनीतून कागद निंगाला, तवा मोबाईलवाला शटरखालून पूरा आत आला आन म्हने, "मी म्हनलंच होतं, रिस्टार्टनं होईन."

यानं त्याले करंजी देली. मंग एक स्वतःले घेतली.

नातीले जागा भेटली. शिकली, आता नोकरीवर हाय. बाळंतपनाच्या वार्डातच मागून घेतली. फोनवर सांगते, आजी, आज दोन झाले, आज तीन झाले.

त्यानं मले पुन्हा त्या नावानं कधी हाक मारली नाही. मावशीच म्हने. मी पाच-सहा साल आनखी झाडू मारला. रोज पाचही मशीनीच्या तोंडावर फडकं फिरवो. पुढं लोकं सारं मोबाईलवरच करू लागले, याचे डोळेही जाऊ लागले. त्यानं दुकान बंद केलं, जाम-कन्हान-वर्धा-पेंच शाळेले देऊन टाकल्या, आन रामाकोन्याले बहिणीपाशी राहाले गेला. मोठी मात्र रिक्षात टाकून माझ्या घरी आनली. "तुमच्याकडे राहू द्या."

"मी काय करू हिचं?"

"पुसत जा."

मागच्या हिवाळ्यात तो गेला. बहिणीचा निरोप आला तवा सारं होऊन गेलं होतं. पडला कशानं, दुखत काय होतं, मले मालूम नाही. तिले मी इचारलं, आदल्या दिवशीपर्यंत बरा होता का? ती म्हने, हाओ, चांगला बोलत होता. मंग काय बदललं, हे इचाराचं माझ्या तोंडी आलतं. इचारलं नाही.

नात सुट्टीवर आली. म्हने, आजी, ही चालते का पाहू. वायर खोसली, बटन दाबलं. आतून घरघर झाली, संत्र्याचा वास आला, आन काळी पाटी उघडली. कोपऱ्यात इंग्रजीत काही लिवलेलं, त्याच्यापुढं बारकी रेघ लुकलुक करे.

नात वाचत राहिली. मंग म्हने, "आजी, काकानं मोठीले नाव ठेवलं होतं."

"कोनती नदी?"

"नदी नाही." तिनं माझा हात धरला, बांगड्या वर केल्या, आन पाटीकडे पाह्यलं, पुन्हा हाताकडे पाह्यलं. "हे वालं."

मी पाटीपाशी गेली. मले ती अक्षरं येत नाही. एवढे दिवस मी त्याच्यावरूनच फडकं फिरवत होती.

"कधी ठेवलं असन?" नात म्हने.

मले मालूम होतं कधी. मी म्हनली, "अजून एकदा दाखव."

"हे मोठं बटन दाब."

मी दाबलं. खालच्या ओळीवर तेच नाव आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा आलं. दाबत गेली, येत गेलं, पूरी पाटी वरपासून खालपर्यंत भरली. नात हासून राहिली होती का रडून राहिली होती, मी पाह्यलं नाही. बटनावरून बोट उचललं, आन म्हनली, "ओ."